मसोलीहून कळंबीपाड्याला

डहाणू रोडला उतरल्यावर वारली चित्रं शोधावी लागत नाहीत. कुंपणाची भिंत, शाळेचं फाटक, खानावळीची पाटी, सार्वजनिक शौचालयाची दर्शनी बाजू, जिथं म्हणून चुना लागलाय तिथं तीच वेटोळं धरून नाचणारी माणसं. मसोलीत ज्यांच्याकडे उतरले होते त्यांच्या जिन्यातही एक रांग होती, ऑइलपेंटात, साच्यातून काढल्यासारखी. चढता-उतरता मोजली. एकवीस माणसं, आणि एकवीस जणांचा उजवा पाय एकाच उंचीवर. नाच म्हणे!

मला वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचं गाव पाहायचं होतं. त्यांचं चित्र पहिल्यांदा पाहिलं ते मुंबईत, बऱ्याच वर्षांपूर्वी, एका प्रदर्शनात. मासे धरायचं जाळं होतं. अख्खा कापडाचा तुकडा त्या जाळ्यानं भरलेला, बारीक बारीक रेघांनी विणल्यासारखा, आणि कोपऱ्यात होडी आणि माणूस, नखाएवढा. लांबून पाहिलं तर शेणानं सारवलेल्या रंगावर पांढरं धुकं पडल्यासारखं वाटायचं. जवळ गेलं की एकेक रेघ वेगळी, आणि प्रत्येक जराशी थरथरलेली. ‘वारली चित्र’ म्हणून जे आपण पडदे-कपबशांवर पाहतो त्याचा आणि याचा संबंध लावायला मला वेळ लागला.

चर्चगेट ते डहाणू रोड १२४ किलोमीटर. २०१३ पासून लोकल थेट इथवर येते, त्यामुळे मुंबईकरांचा शनिवार-रविवार आता विरारला न थांबता इकडे सरकलाय. वैतरणेची खाडी ओलांडली की गाडी हळूहळू रिकामी होते, पालघर-बोईसरला पुन्हा भरते, वाणगावनंतर दोन्ही बाजूंना वाड्या दिसू लागतात. मसोली म्हणजे डहाणू शहरातलाच भाग. चिकू, नारळ, आंबा, मधूनच एखादं जुनं उतरत्या कौलांचं पारशी किंवा इराणी घर. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळालंय. इथले लोक ते कौतुकानं सांगतात आणि लगेच भावाचं रडगाणं लावतात. गच्चीवरून खाडीपलीकडे औष्णिक वीजकेंद्राचं धुराडं दिसतं, पावणेतीनशे मीटर उंच. १९९१ साली केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक म्हणून जाहीर केला, नवे कारखाने अडले, वाड्या राहिल्या. धुराडं आणि चिकू शेजारी-शेजारी नांदताहेत.

हे झालं किनाऱ्याचं डहाणू. इथं मांगेला, माच्छी, वाडवळ, गुजराती, पारशी. वारली रेल्वेच्या पूर्वेला. मसोलीतल्या वाडीत चिकू तोडायला, झाडांना आळी करायला सकाळी जी माणसं येतात ती पूर्वेकडून येतात आणि संध्याकाळी पूर्वेकडे जातात. फाटक ओलांडलं की जमीन चढू लागते.

चैत्री पौर्णिमा नुकतीच झाली होती. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरलेली, म्हणून चारोटीच्या रस्त्याला टेम्पो, मोटरसायकली, पायी जाणारे जथे. वर्षातून एकदा, त्या रात्री, वाघाडी गावचा पुजारी डोंगराच्या सुळक्यावर चढून झेंडा लावतो. मला सहा आसनी रिक्षात दहावी जागा मिळाली. आशागड मागे पडलं, उन्हानं रस्ता पांढरा झाला. पळसाची पानं गेलेली, ताडाच्या झाडांना मडकी लटकलेली, शेतं उघडी. राब भाजून काळे झालेले चौकोन तेवढे इथं-तिथं. चालकानं विचारलं, “ताई, देवीला ना?” म्हटलं, गंजाडला, जिव्या म्हसेंच्या पाड्यावर. “मग आधी उतरा. पण ते तर गेले.” माहीत होतं. १५ मे २०१८ ला, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, त्याच पाड्यात, कळंबीपाड्यात, त्यांचं निधन झालं. अंत्यसंस्कार शासकीय इतमामात झाले.

गंजाडला उतरले तरी लगेच कळंबीपाड्याला जाणं झालं नाही. वाटेतल्या एका पाड्यावर लग्न होतं. मांडव पडला होता, आणि ज्यांच्या ओळखीनं मी आले होते त्या बाई म्हणाल्या, चौक लिहितायत, बघायचा तर चला. ‘लिहितायत’ म्हणाल्या. चौक म्हणजे लग्नाचं भिंतीवरचं चित्र. वारल्यांत ते काढत नाहीत, लिहितात.

आत अंधार. कारवीच्या कुडाची भिंत, शेणामातीनं लिंपलेली, वर गेरूचा हात. तिघीजणी भिंतीशी बसल्या होत्या. तिघी सवाशिणी, हे काम त्यांचंच, विधवेचं किंवा कुमारिकेचं नाही. तांदूळ भिजवून वाटलेला, पाण्यात सैल केलेला, पितळीत. कुंचा म्हणजे बांबूची काडी, टोकाला दातांनी चावून मऊ केलेली. आधी चौकट, एकात एक. कडांच्या नक्षीला नावं आहेत, एक साखळी, एक बाशिंग. मधल्या चौकोनात देवी पालघट. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. चौकटीच्या आत-बाहेर सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडं, वरातीचा घोडा. बाजूच्या लहान चौकात पंचशिऱ्या देव. कोपऱ्यात धवलेरी बसली होती आणि गात होती. वारल्यांचं लग्न लावते ती धवलेरी. बाई लावते, गाण्यानं लावते, भटाचं काम नाही. चित्र कुठवर आलंय त्याप्रमाणे गाणं पुढं सरकत होतं, की गाण्याप्रमाणे चित्र, ते मला कळलं नाही.

पिशवीतून फोन काढला. सगळ्यांत म्हातारी न वळताच म्हणाली, “फोटू नको, बाय. देव बसायचाय अजून.” चौक पुरा झाला की त्यावर फडकं टाकतात. भगताच्या अंगात आलं, देवी आली, की मग ते दूर होतं. फोन आत ठेवला.

तिला विचारलं, आजी, लग्न झाल्यावर ह्या चौकाचं काय? “काय व्हयाचं? ऱ्हातंय. धुरानं जातंय.” पुढच्या पावसाळ्यानंतर भिंत पुन्हा लिंपायची, की झालं. वारली कला दहा हजार वर्षांची वगैरे म्हणणारी माहितीपत्रकं मी मसोलीतच वाचली होती. भीमबेटकाच्या गुहेतली माणसंही दोन त्रिकोणांसारखी दिसतात हे खरं. पण कुडाची भिंत दहा वर्षं टिकली तर नशीब. जुनं काय आहे ते भिंतीवर नाही, सासूकडून सुनेच्या हातात जातं त्यात आहे.

अशाच एका भिंतीजवळून जिव्या म्हसेंची गोष्ट सुरू होते.

त्यांचा जन्म १९३४ चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सात वर्षांचा असताना आई गेली. पोरानं बोलणं टाकलं. जे काय सांगायचं ते धुळीत बोटानं, काडीनं रेघोट्या ओढून. बरीच वर्षं असंच चाललं. अकराएक वर्षांचा असताना तो डहाणू तालुक्यात कळंबीपाड्याला आला. म्हणजे साधारण १९४५.

तलासरी-डहाणूत १९४५ हे साल नुसतं साल नाही. जंगल ठेकेदार आणि जमीनदार यांच्याकडे वेठबिगार, गवत कापायचं तर मजुरी मालक देईल ती, आणि लग्नासाठी कर्ज काढलं की नवराबायको दोघंही मालकाचे लग्नगडी, कित्येकदा जन्मभर. हाच तो चौक, ज्याच्यासमोर उभं राहण्यासाठी माणूस स्वतःला गहाण टाकत होता. त्या वर्षी झरीला वारल्यांची सभा झाली, लाल बावटा आला, वेठ बंद पडली. ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला, जेठ्या गांगड आणि इतर चौघे मारले गेले. गोदावरी परुळेकरांनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवलंय. तो मुका पोरगा यातलं किती पाहत होता, कुणास ठाऊक. त्याच्या पुढच्या चित्रांत मालक नाही, पोलीस नाही, बंदूकही नाही. टीकाकारांपैकी काहींना हे खटकतं. मला खटकत नाही. खळं आहे, मळणी आहे, राब आहे, आवण लावणाऱ्या बायका आहेत. ज्या कामाची मजुरी कधी पुरी मिळाली नाही ते सगळं काम दाणा-दाणा करून मांडलेलं आहे.

चौक लिहायचा हक्क बायकांचा, आणि हा पोरगा त्यांच्याजवळ घोटाळत राहिला. लग्न नसतानाही रेघा ओढू लागला. रोज. वारल्यांत हे चमत्कारिकच. चित्र लग्नासाठी असतं, फार तर सुगीला भिंतीवर थोडं काही. बिनकारणाचं चित्र ही कल्पनाच नव्हती, ती एका न बोलणाऱ्या मुलामुळे आली.

मग कागद आला. कसा आला ही गोष्ट डहाणूची जितकी तितकीच बिहारची. १९६६-६७ च्या दुष्काळात हस्तकलांचं सरकारी काम पाहणाऱ्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी नावाच्या मराठी चित्रकाराला मिथिलेत पाठवलं. तिथल्या बायका कोहबरच्या, म्हणजे लग्नाच्या खोलीच्या, भिंती रंगवत. त्यांना कागद द्या, चित्रं विकली जातील, चार पैसे मिळतील, अशी योजना. कुलकर्णी गावोगाव हिंडले. पुढे जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी अशी नावं देशाला कळली, पद्मश्री झाली. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तेच कुलकर्णी वारल्यांच्या पाड्यांवर आले. तोच माणूस, तसाच कागद, इथंही लग्नाचीच भिंत आणि बायकांचाच हात.

पण इथून जे नाव वर आलं ते पुरुषाचं.

मिथिलेत बायका पुढे आल्या आणि इथं मागे राहिल्या, असं का? वारली बाई मिथिलेतल्या बाईसारखी पडद्यात नव्हती. ती बाजाराला जाते, ताडी विकते, लग्नही तीच लावते. तरी कागदापुढे ती बुजली, असं सांगितलं जातं. मला वाटतं बुजण्यापेक्षा तिला गरज पडली नाही. तिच्या चित्राला जागा होती, दिवस होता, गाणं होतं, बघायला देवी येणार होती. कागदावर यातलं काहीच नाही. जिव्याला मात्र भिंतीचा हक्कच नव्हता, त्याला कागद चालला. हा माझा तर्क. ती म्हातारी हसली असती. पण तिला मी नाव विचारलं तेव्हा “चौकाला नाव कशाला?” एवढंच म्हणाली, आणि पुन्हा काडी बुडवली.

१९७५ मध्ये मुंबईत केकू आणि खोरशेद गांधींच्या केमोल्ड गॅलरीत म्हसेंच्या चित्रांचं प्रदर्शन झालं. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय पुरस्कार, आणि चित्रं फ्रान्समध्ये मांतोंला. यानंतर जे झालं ते पाड्या-पाड्यांवर दिसतं: गंजाडच्या आसपास पुरुषांची एक पिढी काडी घेऊन बसली. म्हसेंची मुलं सदाशिव आणि बाळू दोघंही चित्रकार. स्वतः म्हसेंना २००२ मध्ये शिल्पगुरू, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री. तारखा इथंच संपवते. त्यांच्या दारावरून जाताना मानपत्रांचा विचार मनात येत नाही.

कळंबीपाडा लहान आहे. मोह, साग, आंबा, लांब-लांब घरं, मधे शेतं. दुपारी तिथं पोचले तर सगळं निजलेलं. कोंबड्या तेवढ्या जाग्या. ओळख नसताना कुणाच्या अंगणात जाऊन बसायचं मला जमत नाही, आणि जिथं परदेशी पाहुण्यांची इतकी वर्षं वर्दळ झाली तिथं आणखी एका आगंतुकाची भर कशाला. आंब्याखाली बसून नुसतं पाहत राहिले. समोर खळ्याची गोल जागा, सारवलेली, तडे गेलेली. मधोमध तिवडा रोवला असणार, तिथं खळगा. गुरं खांबाभोवती फिरतात तो गोल. संध्याकाळी तारपकरी उभा राहतो आणि त्याच्याभोवती माणसं फिरतात तोही गोल. दुधी भोपळ्याचा, बांबूच्या नळ्यांचा, ताडाच्या पानांचा तो तारपा. वाजवणाऱ्याला नाचणाऱ्यांनी पाठ दाखवायची नाही, म्हणून रांग त्याच्याभोवती वळत जाते आणि वेटोळं होतं. भिंतीवर जी नुसती नक्षी वाटते ती इथं बसल्यावर पायवाट वाटू लागली. मसोलीच्या जिन्यात जे चुकलंय ते हेच. तिथं वाजवणाराच नाही. एकवीसही जण कुणाभोवती नाचताहेत?

म्हसेंच्या वेटोळ्यात एक माणूस दुसऱ्यासारखा नसतो. कुणाचा हात सुटलाय, कुणी दमलंय, एखादं पोर मागे ओढलं जातंय. त्रिकोण तेच, काडी तीच, पण रेघ श्वासाबरोबर हलते. मोकळी जागाही मोकळी नसते, ठिपक्यांनी किंवा तांदळाच्या दाण्याएवढ्या रेघांनी ती सळसळत असते. शेणानं सारवलेल्या कापडावर पांढरा रंग, दोनच रंग, आणि तरी वारा आहे की उकाडा ते कळतं. हे कौशल्य जमातीचं नाही, एका माणसाचं आहे. आपण मात्र त्यांना ‘वारली कलेचे जनक’ म्हणतो. जनक तर ते नव्हतेच. ते काम कित्येक पिढ्यांच्या सवाशिणींनी केलं होतं. ते चित्रकार होते. जमातीच्या नावाखाली चित्रकार झाकला जातो आणि त्याच्या नावाखाली सवाशिणी.

बाहेरच्यांनी त्यांना चित्रकार म्हणून पाहिलं का? थोडंफार. १९८९ मध्ये पॅरिसला ‘मॅजिसिएँ द ला तेर’ म्हणजे ‘पृथ्वीचे जादूगार’ नावाचं मोठं प्रदर्शन झालं. शंभराहून अधिक कलावंत, निम्मे युरोप-अमेरिकेतले, निम्मे बाकी जगातले, सगळ्यांना एकाच पंगतीला बसवायचं अशी कल्पना. म्हसे त्यात होते. रिचर्ड लाँग हा इंग्रज कलावंतही होता. लाँग चालत-चालत दगड मांडतो, मातीनं भिंतीवर हातानं वर्तुळं काढतो. पॅरिसला त्यानं चिखलाचं प्रचंड वर्तुळ काढलं होतं, आणि त्याच्यासमोर जमिनीवर ऑस्ट्रेलियाच्या युएंडुमूच्या आदिवासींनी केलेलं भूमिचित्र. ऑस्ट्रेलियातही गोष्ट आपल्यासारखीच: पापुन्याला १९७१ मध्ये जेफ्री बार्डन नावाच्या शाळामास्तरानं रंग दिले, आणि जमिनीवर काढून पुसलं जाणारं विधीचं चित्र फळीवर आलं. कुलकर्णी इथं पाड्यांवर फिरत होते तेही साधारण त्याच सुमारास. पुढे लाँग वारल्यांच्या प्रदेशात आला, आणि २००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला, नंतर मिलानला, लाँग आणि म्हसे यांचं जोडप्रदर्शन झालं. एक मातीचा गोल काढणारा, एक पिठाचा. त्या दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. म्हसेंना त्यात विशेष अडचण वाटली असेल असं मला वाटत नाही.

परतताना गंजाडच्या नाक्यावर तासभर वाहन नव्हतं. यात्रेचे टेम्पो भरून जात होते. टपरीवर एक तरुण पोरगा चित्रांची गुंडाळी घेऊन बसला होता, शनिवारी मुंबईच्या गाड्या थांबतात म्हणून. उलगडून दाखवली. बरीचशी ठरावीक: तारपा, वरात, झाड. एक वेगळं होतं. मधे चौक, आणि चौकाबाहेर पाठमोऱ्या तीन बायका, हातात काड्या. चौक लिहिणाऱ्यांचं चित्र मी कधी पाहिलं नव्हतं. विचारलं, तू काढलंस? जरा घुटमळला. “बायकोनं. पण गिऱ्हाईक मला वळखतं म्हणून मी बसतो.” खाली सही त्याची होती. तिचं नाव घालायला सांगितलं. त्यानं पेन मागितला, तिचं नाव घातलं, आपलं खोडलं नाही. राहू दे म्हटलं.

२०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे सुरतेत छापलेल्या चादरीला ‘वारली’ म्हणायला कायद्यानं अडचण आली. म्हणण्याचं काही थांबलेलं नाही. मसोलीला पोचले तेव्हा अंधार पडला होता. जिन्यातून वर जाताना घरमालकांना विचारलं, ही माणसं कुणी काढली? “अहो, पेंटर होता एक. शंभर रुपये फुटानं,” म्हणाले.

तुम्ही डहाणूला जालच, आता लोकल आहे. चित्र घ्याल तर काढलंय कुणी ते विचारा, आणि बाईनं काढलं असेल तर पैसे देण्याआधी तिचं नाव लिहून घ्या.